शीच्या डबीतून ‘फोकस स्कोअर’: घरपोच ‘गट’ (म्हणजे आतड्यांच्या) टेस्ट पॅकेजचा रिव्ह्यू

आधी निकाल, मग तपशील. किट नीट बनवलंय, लॅबचं काम ठीक आहे, रिपोर्टचं पहिलं पान रद्दीत घालण्याच्या लायकीचं आहे आणि सोबतच्या पुड्यांना दिलेले पैसे वाया गेले असं समजावं. मुलाचं लक्ष लागत नाही म्हणून हे पॅकेज घेणार असाल तर घेऊ नका.

पॅकेज म्हणजे काय ते सांगतो. पुण्यात घरी कुरिअरने खोकं येतं, मुलाच्या शीचा नमुना परत न्यायला माणूस येतो, तीन-चार आठवड्यांनी आतड्यातल्या जिवाणूंचा पीडीएफ रिपोर्ट येतो, आहारतज्ज्ञाचा एक व्हिडिओ कॉल होतो आणि तीन महिने पुरतील इतक्या प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत ‘चांगल्या’ जिवाणूंच्या, पुड्या येतात. सगळं मिळून रक्कम पाच आकडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारातली अशी बहुतेक पॅकेजं एकाच साच्यातून निघालेली आहेत. खालचं वर्णन कुठल्याही खोक्यावर ठेवून ताडून बघता येईल.

खोक्यात निघतं ते असं: कमोडच्या सीटला चिकटवायची कागदी झोळी, हातमोजे, झाकणालाच आतून छोटा चमचा असलेली नळी, नळीत थोडासा पारदर्शक द्राव आणि तळाशी बारीक मणी, शोषक कागदाची झिपवाली पिशवी, बारकोडचे स्टिकर, संमतीपत्र, परतीचं पाकीट. झोळी फक्त वेस्टर्न कमोडला बसते. पेठेतल्या वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत भारतीय पद्धतीचा संडास असेल तर ती निरुपयोगी आहे, आणि माहितीपत्रकात त्यावर एक ओळही नाही. अशा ठिकाणी थर्माकोलचं नवं ताट भांड्यावर आडवं ठेवावं. लहान मूल पॉटीवर बसत असेल तर पॉटीत बटर पेपर घालावा. त्याआधी मुलाला शू करून यायला सांगावं. नमुन्यात लघवी, जेटचं पाणी किंवा संडास धुवायचं ॲसिड गेलं तर तो नमुना टाकून द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा.

किती घ्यायचं, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. हवं असतं वाटाण्याएवढं. आपल्याकडे पैसे भरलेत म्हटल्यावर चमचा गच्च भरून दाबून घालायची सवय, आणि नेमकं तेच नडतं. नळीतला द्राव जिवाणूंना मारून त्यांचं आपसातलं प्रमाण होतं तसं गोठवतो. नमुना जास्त झाला की मधल्या गोळ्यापर्यंत द्राव पोचत नाही. तिथले जिवाणू जिवंत राहतात, आणि उबेत सगळ्यात भरभर वाढतात ते ई. कोलायच्या गोतावळ्यातले. मग रिपोर्टमध्ये ‘घातक जिवाणू वाढलेले’ असं येतं. ते वाढले नळीत, पोटात नव्हे. म्हणून एकाच गोळ्यातल्या दोन-तीन ठिकाणचं थोडं थोडं खरवडून घ्यावं, झाकण पक्कं लावावं आणि अर्धा मिनिट जोरात हलवावं. मण्यांचा आवाज आला पाहिजे आणि आतलं सगळं गढूळ, एकजीव दिसलं पाहिजे. गुठळी दिसली तर पुन्हा हलवावं.

द्रावाच्या नळीवर तापमानाची वरची मर्यादा छापलेली असते, ती वाचावी. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत त्याहून बराच वर जातो. पिकअपचा माणूस दुपारी चार सोसायट्या फिरून मग सेंटरला जाणार असेल तर सकाळचा स्लॉट मागून घ्यावा. या बाबतीत या कंपनीची सेवा चांगली आहे. स्लॉट बदलून मिळतो, शनिवारी रात्री नमुना घेऊ नका असा मेसेजही आधी येतो.

अँटिबायोटिकच्या बाबतीत मात्र सूचनापत्रक फारच ढिलं आहे. कोर्स संपल्यावर दोन आठवडे थांबा, एवढंच म्हणतं. २०१८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबरी अँटिबायोटिकं देऊन सहा महिने त्यांची आतडी तपासली. जिवाणूंची वस्ती बरीचशी पूर्ववत व्हायला दीड महिना लागला आणि काही नेहमीच्या जाती सहा महिन्यांनंतरही सापडल्या नाहीत. पावसाळ्यात दर सर्दीला एक कोर्स घेणाऱ्या मुलाचा नमुना दोन आठवड्यांनी घेतला तर रिपोर्टमध्ये दिसतं ते मुलाचं पोट नसतं, त्या कोर्सची खूण असते. नुकतेच जुलाब झाले असतील तरी तेच. मुलाला लक्ष टिकावं म्हणून देतात ती मिथाइलफेनिडेटची गोळी चालू असेल तर तेही फॉर्मवर लिहायला जागा हवी होती, कारण त्या गोळीने भूक मरते, खाणं बदलतं आणि खाण्याबरोबर जिवाणू बदलतात. फॉर्मवर तो रकाना नाही. ॲटॉमॉक्सेटिन या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधाने काही मुलांना शी कडक होते, त्याचाही नाही.

आता लॅब. पद्धत आहे १६एस सिक्वेन्सिंग. प्रत्येक जिवाणूत १६एस नावाचा सुमारे १५०० अक्षरांचा जनुक असतो. त्यातला व्ही३-व्ही४ हा साडेचारशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचून कोणत्या कुळातला जिवाणू किती हे काढतात. कुळापर्यंत हे काम चांगलं होतं. जातीचं नाव बऱ्याचदा अंदाजे असतं आणि स्ट्रेन, म्हणजे जातीतला नेमका वाण, तर यातून कळतच नाही. तरीही रिपोर्टमध्ये ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस ०.०२ टक्के, कमी’ अशी लाल ओळ असते. हिशेब करून बघा. नमुन्याचे ५०,००० तुकडे वाचले असतील तर ०.०२ टक्के म्हणजे १० तुकडे. दहा तुकड्यांवरून जातीचं नाव ठरवायचं, वर ते कमी की जास्त हेही सांगायचं, आणि मग त्याच जिवाणूची पुडी विकायची.

टक्केवारीचा आणखी एक घोळ आहे, तो पालकांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. रिपोर्ट मोजतो ते वाटे, संख्या नव्हे. समजा, डब्यात ५० लाल आणि ५० पांढरे मणी आहेत. त्यात १०० लाल टाकले. पांढरा एकही गेला नाही, तरी त्यांचा वाटा ५० टक्क्यांवरून २५ वर आला. रिपोर्टमध्ये मात्र ‘चांगले जिवाणू निम्म्याने घटले’ असंच दिसणार.

आणि आपल्या डब्यात लाल मणी मुळातच जास्त असतात. भात, पोळी, वरण, भाजी खाणाऱ्या भारतीय पोटात प्रेवोटेला हा जिवाणू भरपूर सापडतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लॉगएमपीआयई या देशभरातल्या पाहणीत १४ ठिकाणच्या १००४ लोकांचे नमुने होते, त्यातही प्रेवोटेलाचं राज्य दिसलं. हे काम पुण्याला नवं नाही. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आतड्यांतल्या जिवाणूंवर वर्षानुवर्षं काम केलंय. ते केंद्र या शहरात असताना इथल्या मुलाचा नमुना युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या सरासरीशी जोडायचा आणि प्रेवोटेलापुढे लाल बाण काढायचा, याला आळस म्हणतात. ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरातल्या मुलाच्या रिपोर्टवर तो बाण दिसला तर घाबरायचं कारण नाही.

आता पहिलं पान. वर ‘फोकस स्कोअर’ म्हणून शंभरपैकी एक आकडा, त्याखाली ‘डोपामिन क्षमता’चा पट्टा (डोपामिन म्हणजे मेंदूतलं, लक्षाशी संबंध असलेलं रसायन) आणि जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचं ‘फर्मिक्युट्स-बॅक्टेरॉइडिटीस गुणोत्तर’. शेवटचं आधी निकालात काढू. हे गुणोत्तर रिपोर्टमध्ये देऊच नये, असं मायक्रोबायोम टेस्टवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात म्हटलंय. ते २०२४ च्या अखेरीस लॅन्सेटच्या पोटविकारांच्या मासिकात आलं. डॉक्टरांनी न सांगता लोकांनी स्वतःहून अशी टेस्ट करवून घेण्यालाही त्यात अनुकूलता नाही.

डोपामिनचा पट्टा कसा निघतो? प्रयोगशाळेत डोपामिन कुणी मोजलेलं नसतं. कुळांच्या यादीवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की या जिवाणूंकडे अमुक एन्झाइमांचे जनुक असावेत, आणि त्यातून डोपामिनचा कच्चा माल तयार होत असावा. अंदाजावर उभारलेला अंदाज. शिवाय आतड्यात तयार झालेलं डोपामिन किंवा सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मध्ये रक्त-मेंदू अडसर आहे. ‘९० टक्के सेरोटोनिन पोटात बनतं’ हे वाक्य खरं आहे, पण ते मुख्यतः पोटाच्याच कामाचं. आतडी आणि मेंदू यांच्यात बोलणं होतं ते मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या वेगस नर्व्हमधून, रोगप्रतिकारक शक्तीच्या रसायनांतून आणि जिवाणूंनी चोथा आंबवून केलेल्या आम्लांतून. ते खरं आहे आणि त्यावर गंभीर संशोधन चालू आहे. त्याचा शंभरपैकी आकडा अजून निघालेला नाही.

संशोधन काय म्हणतं ते बघितलं की आकड्याची गंमत कळते. या रिपोर्टात बिफिडोबॅक्टेरियम हा जिवाणू कमी असेल तर फोकस स्कोअर खाली येतो. फिनलंडमधल्या तुर्कूच्या २०१५ च्या अभ्यासात तसा आधार सापडतो. तिथे ७५ बाळांना पहिल्या सहा महिन्यांत ऱ्हॅम्नोससच्या जीजी या स्ट्रेनची पुडी किंवा जिवाणू नसलेली खोटी पुडी दिली होती. तेरा वर्षांनी खोट्या पुडीच्या गटातल्या ३५ पैकी ६ मुलांना एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) किंवा ॲस्पर्जर (ऑटिझमचा एक प्रकार) निघालं, खऱ्या पुडीच्या गटात एकालाही नाही. ज्यांना निघालं त्यांच्यात तान्हेपणी बिफिडोबॅक्टेरियम कमी होतं. आता नेदरलँड्समधल्या नायमेगेनचा २०१७ चा अभ्यास घ्या: १९ एडीएचडीवाले, ७७ बिगर-एडीएचडी. तिथे एडीएचडीवाल्यांत बिफिडोबॅक्टेरियम जास्त निघालं. चीनमध्ये २०१८ साली ५१ औषध न घेतलेल्या एडीएचडीच्या मुलांमध्ये फिकॅलिबॅक्टेरियम हा वेगळाच जिवाणू कमी दिसला. जर्मनीतल्या त्याच वर्षीच्या अभ्यासात, एडीएचडी असलेले १४ मुलगे एका बाजूला आणि नसलेले १७ दुसऱ्या, पहिल्यांत जिवाणूंची विविधता कमी दिसली. चीनच्या अभ्यासात ती कमी नव्हती. म्हणजे एकच जिवाणू एका देशात साव, दुसऱ्यात चोर. अशा वेळी प्रामाणिक लॅबने ‘अजून ठरलेलं नाही’ असं छापायचं असतं. ‘स्कोअर ४२’ छापायचा नसतो.

कार्यकारणाचा बाणही उलटा असू शकतो. लक्ष न टिकणारं मूल जेवणावर बसत नाही, ठरावीक चारच पदार्थ खातं, उशिरा झोपतं. त्याचं पोट वेगळं असणारच. ऑटिझमच्या बाबतीत २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांच्या अभ्यासाने हेच सुचवलं: निवडक खाण्यामुळे जिवाणूंची विविधता घटते, उलट नव्हे.

पुड्यांकडे येऊ. पाकिटावर ‘५० अब्ज’ आणि चार जिवाणूंची नावं आहेत, स्ट्रेनचा क्रमांक एकाचाही नाही. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ म्हणणं म्हणजे ‘कोथरूडचा जोशी’ म्हणणं. जीजी हा त्यातला एक ठरावीक माणूस. अभ्यास त्याच्यावर झालेत, आडनावबंधूंवर नाहीत. ५० अब्ज हा आकडा पॅकिंगच्या दिवशीचा की एक्स्पायरीच्या दिवशीचा, तेही लिहिलेलं नाही. पुडी गरम दुधात घालायची नाही ही सूचना आहे ती बरोबर. कोमट म्हणजे बोटाला ऊन लागणार नाही असं. आणि त्याच पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ आहे, कारण एफएसएसएआयच्या नियमानुसार न्यूट्रास्युटिकलवर (पूरक आहाराच्या उत्पादनांवर) ती घालावीच लागते. पुढच्या बाजूला फोकस, मागच्या बाजूला हात वर.

गुण येतो का? स्वीडनमध्ये ६८ मुलं आणि ११४ मोठी माणसं घेऊन नऊ आठवडे चाचणी झाली, तीन जिवाणू आणि चार प्रकारचे तंतू एकत्र असलेल्या पुडीची. निकाल २०२० चा: एडीएचडीची लक्षणं खऱ्या पुडीनेही कमी झाली आणि खोट्या पुडीनेही, सारखीच. कंपनीच्या पानावरचे पालकांचे तीन महिन्यांनंतरचे अभिप्राय वाचताना ही चाचणी आठवावी. ते पालक खोटं बोलत नसतात. पुडी सुरू केली की वेळेवर जेवण, लवकर झोप, मुलाकडे जरा जास्त लक्ष असं बरंच काही सुरू होतं.

निरोगी मुलाला या पुडीने अपाय होण्याची शक्यता कमी. पण प्रतिकारशक्ती कमी असलेलं, केमो चालू असलेलं, शिरेत मोठी नळी असलेलं मूल आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ यांना डॉक्टरांशिवाय प्रोबायोटिक देऊच नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये इशारा दिलाय.

व्हिडिओ कॉलची आहारतज्ज्ञ नम्र होती, वेळेवर आली. योजना मात्र छापील. केल, ब्लूबेरी, सावरक्राउट, कोंबुचा, आणि गहू-दूध दोन महिने बंद. वाढत्या मुलाचं दूध आणि पोळी कारणाशिवाय बंद करू नये. शाकाहारी घरात मग प्रथिनं आणि कॅल्शियम आणायचं कुठून? त्यापेक्षा घरातलंच वापरावं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम तंतू असतात. मटकी, चवळी, वाल, घेवडा, लाल भोपळा, गवार, जवसाची चटणी, कच्चट केळं. ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ या आतड्यातल्या जिवाणूंच्या पाहणीने २०१८ मध्ये दाखवलं की आठवड्यात ३० हून जास्त वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटातली विविधता दहापेक्षा कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त असते. गोडा मसाला घालून केलेली आमटी आणि कोशिंबीर धरली तर तीस फार लांब नाहीत. तंतू वाढवायचे ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, पाण्यासकट. एकदम वाढवले तर पोट फुगतं आणि मूल पुन्हा मटकीला हात लावत नाही. ताक जरूर द्यावं, फक्त ते ‘प्रोबायोटिक’ म्हणून नको, त्यात कोणता स्ट्रेन आहे हे विरजणालाच ठाऊक. यातलं काहीही एडीएचडीवर उपचार म्हणून नाही, पोटासाठी आहे.

योजनेत जे असायला हवं होतं ते नाही: खायचे रंग. २००७ च्या साउथहॅम्प्टनच्या चाचणीनंतर युरोपात जुलै २०१० पासून सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या चंचलपणाबद्दल इशारा छापावा लागतो. त्यातले टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोन्सो ४आर भारतातही चालतात. पाकिटावर त्यांचे क्रमांक, आयएनएस १०२, ११०, १२२, १२४, शोधावेत. परिणाम छोटा आहे आणि सगळ्या मुलांत दिसत नाही, पण जेली, रंगीत गोळ्या आणि भडक पिवळं सरबत महिनाभर बंद करून बघायला छदामही लागत नाही.

कॉलमध्ये एक गोष्ट गंभीर घडली. मुलाला गोळी चालू आहे म्हटल्यावर ‘स्कोअर सुधारला की गोळी कमी करता येईल’ असं उत्तर आलं. या एका वाक्यासाठी आम्ही पॅकेजचे निम्मे गुण कापले. गोळीचा डोस ज्या डॉक्टरांनी सुरू केला त्यांनीच बदलायचा.

एडीएचडीचं निदान शीवरून, रक्तावरून किंवा स्कॅनवरून होत नाही. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तिकेनुसार नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी. त्यासाठी पालकांचा आणि वर्गशिक्षिकेचा भरलेला फॉर्म लागतो. फक्त क्लासमध्येच लक्ष लागत नसेल तर आधी क्लास तपासावा. खोक्याच्या पैशांत त्याआधीचं सगळं होतं: कानांची तपासणी, डोळे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड. मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर ॲडेनॉइडसाठी (नाकामागची ग्रंथी) ईएनटी. आणि पोटाचंच बघायचं असेल तर फ्रिजवर शीचे प्रकार दाखवणारा ब्रिस्टल तक्ता लावून दोन आठवडे नोंद ठेवावी. सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुट्या खड्यांसारखी शी, दुसरा गाठाळ. हे दोन वारंवार आले, किंवा चड्डीला डाग लागू लागले, तर ती बद्धकोष्ठता आहे. एडीएचडीच्या मुलांत ती जास्त आढळते, बहुधा खेळ सोडून संडासला जायला ती तयार नसतात म्हणून. जेवणानंतर दहा मिनिटं, पायाखाली पाट ठेवून बसवायचं, आणि मुलांच्या डॉक्टरांकडून औषध घ्यायचं. पोट दुखत असलेलं मूल गणितात लक्ष देत नाही, त्याला जिवाणूंचा नकाशा लागत नाही.

तरीही कुतूहल म्हणून मोठ्या माणसाने टेस्ट करायची असेल तर पैसे भरण्याआधी हेल्पलाइनला चार प्रश्न विचारावेत. तुलनेचा गट कुठला, त्यात भारतीय किती? वाचलेल्या तुकड्यांची कच्ची फाइल (फास्टक्यू) मिळेल का? नमुन्यातला माणसाचा डीएनए आणि माहिती किती वर्षं ठेवणार, कुणाला देणार? पुडीतल्या प्रत्येक जिवाणूचा स्ट्रेन कोणता? या कंपनीने कच्ची फाइल मागितल्यावर दोन दिवसांत पाठवली, हे नोंदवायला हवं. तुलनेच्या गटाबद्दल ‘ग्लोबल डेटाबेस’ एवढंच उत्तर मिळालं, आणि स्ट्रेनबद्दल ‘टीमकडून कॉल येईल’.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर सहा महिन्यांनी री-टेस्टसाठी सवलतीचं कूपन आहे. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की दरम्यान स्कोअर काढायची पद्धत बदललेली असू शकते, त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करू नये.